हळदीचा रिपोर्ट

"पाहा! पाहा! लाल झालं!"

गावाच्या तोंडाशी शंभरेक माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून पाहत होती. तोंडाला रुमाल सगळ्यांच्या, पण ओरडताना प्रत्येकानं तो हनुवटीवर ओढलेला. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या मोहाच्या फांद्यांपलीकडे दसरू उभा होता. त्यानं हळदीत भिजवलेल्या ओल्या कापडावर तळहात दाबला आणि उचलला. पिवळ्या कापडावर पाच बोटांचा रक्तासारखा लाल पंजा उमटला होता.

"माय बोलली!" वारलू महाराज गरजले. "रोग हाय याच्या अंगात! दसरू, डोळे मीट."

महाराजांनी तांब्याच्या गडूतलं तांबूस पाणी चुळकाभर घेतलं, मंत्र पुटपुटला आणि त्या लाल पंजावर शिंपडलं. आमच्या डोळ्यांसमोर पंजा विरघळत गेला. बोटं गेली, अंगठा गेला, कापड पुन्हा पिवळं झालं.

बायकांनी हात जोडले. कोणीतरी नारळ फोडला. मी कडेवरच्या आठ महिन्यांच्या लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहिलं : दसरू – लाल – उतारा झाला.

ही वही माझ्याकडे होती. गावातल्या सुनांमध्ये बारावी सायन्स झालेली मी एकटी, म्हणून गावबंदीच्या समितीनं मला 'मॅडम' करून टाकलं होतं. त्या शब्दाचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दोन हजार वीसचा मे महिना. आमच्या गडचिरोलीच्या भागातली माणसं दरवर्षी फेब्रुवारीत मिरची तोडायला तेलंगणात जातात. मजुरी म्हणून वाळलेल्या मिरचीचं पोतं घेऊन परततात. त्या वर्षी सगळं बंद झालं आणि ती तिकडेच अडकली. चालत, ट्रकवर लटकत ती गोदावरीच्या पुलापर्यंत आली, तेव्हा तिथल्या एका शाळेत कोंडली गेली. चौदा दिवस, असं सांगितलं होतं. चौदाचे अठरा झाले. नाकात काडी घालून नमुने नेले, ते कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. नावांच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडल्या म्हणे, पुन्हा काड्या घातल्या. साबण दोन दिवसांत संपला. नळाला पाणी सकाळी एक तास. शेवटी एका साहेबानं वैतागून बहुतेकांना "घरी जा, रिपोर्ट मागून येईल" म्हणत सोडून दिलं.

घरी आले, तर गावाच्या तोंडाशी फांद्या. "रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट कुठून दाखवणार?

लोक चिडले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. फोन लावला तर कोणी उचलत नव्हतं. उचलला तर दुसरा नंबर देत होते. अशा वेळी वारलू महाराज मोटरसायकलवर आले. गेल्या वर्षापर्यंत हाच माणूस लग्नात हळदीचे मांडव घालत होता. आता कपाळभर हळद लावून तो आपल्या मायच्या, म्हणजे देवीच्या नावानं सांगत होता :

"नाकात काडी नाई, घशात खरखर नाई! त्याईची मशीन चौदा दिवस घेते, माई माय चौदा श्वासात सांगते! त्याईचा रिपोर्ट गायब होते, मायचा रिपोर्ट तुमच्या डोयासमोर!"

ज्याचा हात पिवळा तो आत. ज्याचा लाल, त्यानं पायलीभर मिरची वाहून उतारा घ्यायचा, म्हणजे तोही आत. जो वाहणार नाही, त्यानं गावाबाहेरच्या शेतातल्या मांडवात राहायचं. समितीला ते पटलं. निदान कोणीतरी काहीतरी सांगत होतं.

दसरूनंतर चंचलबाई पुढे आल्या.

चंचलबाई माझ्या थोरल्या जाऊ. कडेवर त्यांचा दहा महिन्यांचा पिल्या, डोक्यावर गाठोडं. भाऊजींचा, लच्छूंचा नमुना तिसऱ्यांदा घ्यायचा म्हणून त्यांना शाळेतच ठेवलं होतं. मिरचीचं पोतं त्यांच्याजवळच राहिलं होतं. माझी लेक दोन महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला, दूध आटलं, तेव्हा पंधरा दिवस याच बाईनं एका मांडीवर पिल्या आणि दुसऱ्या मांडीवर माझी लेक घेऊन दोघांना पाजलं होतं.

मला पाहून त्या हसल्या. "काऊन वं दिव्यानी, लेक केवढी झाली! आण इकडं, पाहू दे."

मी दोन पावलं मागे सरकले. त्यांचं हसू तिथंच थांबलं. ती दोन पावलं मला अजून मोजता येतात.

त्यांनी कापडावर हात दाबला. लाल.

"पायलीभर मिरची," महाराज म्हणाले.

"मिरची मायाजवळ नाई, महाराज. ती माया मालकाजवळ हाय, शाळेत."

"मायले उधार चालत नाई."

फांद्यांच्या अलीकडे माझा नवरा धनराज काठी घेऊन उभा होता. चंचलबाईंचा सख्खा दीर. त्यानं मान खाली घातली. माझ्या सासूबाई, गुणाबाई, नातवाकडे पाहून पदर तोंडाला लावून रडल्या, पण म्हणाल्या, "मायच्या बोलण्यापुढं मी का करू?" आमच्या घरात मिरचीनं भरलेलं मडकं होतं. ते मला आठवलं होतं. पण लाल हाताची बाई घरात आली, तिनं माझ्या लेकीला उचललं, तर? मी वहीत लिहिलं : चंचल – लाल – मांडव.

अक्षर सुरेख आलं होतं.

त्या दिवशी आणखी सात जणी लाल निघाल्या. त्यांनी मिरची दिली, सुटल्या. मांडवात चंचलबाई आणि पिल्या, दोघंच.

मी रोज दुपारी भाकरी आणि वरण घेऊन जायची, दगडावर ठेवायची, लांब उभं राहून हाक मारायची. तिसऱ्या दिवशी त्या भाकरी घ्यायला उठल्या नाहीत.

"पोराले ताप हाय, कालपासून," त्या बसल्या जागेवरून बोलल्या. "थंडी वाजते, मंग अंग भाजते. सिस्टरकडं नेऊ दे मले. गावातून नाई, कडेकडेनं जाईन."

उपकेंद्र गावाच्या पलीकडच्या टोकाला. कडेनं वाट नाही, एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला जंगल.

"मी विचारते समितीला," मी म्हणाले.

"तू विचार," त्या म्हणाल्या. मग उठून दोरीवरचं एक फडकं त्यांनी माझ्याकडे भिरकावलं. "आन् हे पाह. पोराच्या पायाले काटा लागला होता, त्याच्यावर हळद बांधली होती. फडका राखेनं धुतला, तं तोबी लाल झाला. घे, यालेबी लिहून घे वहीत."

फडकं वाऱ्यानं अर्ध्या वाटेतच पडलं. पिवळ्या डागाचा मधला भाग गडद लाल. मी ते उचललं नाही, पण पाहत राहिले, आणि मला आमची आठवीतली प्रयोगशाळा दिसली. हळदीचा कागद. त्यावर चुन्याची निवळी टाकली की लाल. लिंबू पिळलं की परत पिवळा. त्या प्रयोगाला मला दहापैकी दहा गुण मिळाले होते.

घरी येऊन मी चिंधीला हळद लावली, ओली केली. चुलीतली राख हातावर चोळून पाण्याखाली धरली, कोरडी होऊ दिली, चिंधीवर दाबली. लाल पंजा. मग चिंचेचं पाणी शिंपडलं. पंजा विरघळला, बोटं गेली, अंगठा गेला. मंत्र म्हटला नव्हता.

मागे सासूबाई उभ्या होत्या. "हे का करून राह्यली?"

मी सांगितलं. त्या हसल्याच. "एवढंच ना? हे तं मले माहीत हाय. हळदीच्या डागाले साबण लावला का तो लालच होते. साऱ्या बायकाईले माहीत हाय."

"मग तेव्हा काऊन नाही बोलल्या, आत्याबाई?"

त्यांनी चिंधी उचलून मोरीवर टाकली. "तवा ते महाराजाचं होतं. हे घरचं हाय."

आणि मग दोघींच्याही एकदम लक्षात आलं. लाल निघालेल्या साऱ्याजणी लेकुरवाळ्या होत्या. मिरची तोडून हात इतके जळतात की बाई तसाच हात लेकराला लावत नाही. आधी राखेनं खसखसा चोळते, मगच अंगावर घेते. शाळेत साबण संपला होता, त्यामुळे तर राखच. दसरू दिवसभर चुना-तंबाखू मळतो. राख, चुना, साबण, तिन्हींचा गुण एकच, खाराचा, म्हणजे आंबटाच्या उलट. महाराजांची माय रोग ओळखत नव्हती. लेकराच्या जिवाला जपणाऱ्या बायकांना ती नेमकं शोधून बाहेर काढत होती, आणि मी त्यांची नावं लिहीत होते.

हे सगळं मला दुपारी तीनला कळलं होतं. मी फांद्यांपाशी गेले साडेपाचला. मधले अडीच तास मी समितीलाही न विचारता लेकीला झोपवत बसले, कारण मनात येत होतं, माझंच चुकत असेल तर? लोक हसले तर? सासूबाईंनीच शेवटी कमरेचा विळा चाचपला आणि म्हणाल्या, "चाल. नातू माया हाय."

महाराजांचं काम जोरात चालू होतं. सासूबाई गर्दीतून पुढे गेल्या. "महाराज, एक हात पाहाचा हाय."

"दाखव माय, कोणाचा?"

सासूबाईंनी राख चोळलेल्या विळ्याची ओलसर मूठ कापडावर दाबली. लाल पट्टा उमटला. "माया विळ्याले कोरोना झाला, महाराज. याले कुठी ठेवू? मांडवात?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मायची थट्टा करतं का बुढे!" महाराज ओरडले. "भोगशीन!"

"भोगीन. तुमचा हात आना आधी. दिव्यानी, राख दे."

महाराजांनी हात मागे घेतला. धनराजनं काठी टाकली आणि त्यांचं मनगट धरलं. मी राख चोळली. महाराजांचा पंजा दसरूपेक्षा लाल उमटला. मी घरून आणलेल्या वाटीतलं पाणी शिंपडलं, पंजा पुसला गेला. गडूतलं पाणी दसरूनं बोटानं चाखून पाहिलं.

"चिच हाय बे!" तो म्हणाला. "साधी चिच! याच्यासाठी पायलीभर मिरची देल्ली मी?"

"माय रागावली," महाराज पुटपुटले आणि गाडीकडे वळले. मिरचीची पोती लोकांनी उतरवून घेतली. एवढ्या वेळात धनराज फांद्या ओढून मांडवाकडे धावत सुटला होता.

उपकेंद्रातल्या मदीहा सिस्टरनं पिल्याच्या बोटाला टोचून थेंब पट्टीवर घेतला. पंधरा मिनिटांनी दोन रेघा उमटल्या. मलेरिया, मेंदूत चढणारा. गाडीत घालताना पोराला झटका आला. सिस्टर एवढंच म्हणाली, "काल काऊन नाही आणलं?" वही माझ्या काखेतच होती.

पिल्या वाचला. सतरा दिवस दवाखान्यात होता. आता सहा वर्षांचा आहे. धावतो, झाडावर चढतो, पण बोलताना अडखळतो. "का-का-काकी" म्हणताना त्याच्या मानेची शीर ताठ होते, आणि मी खाली पाहते. डॉक्टर म्हणतात, झटक्यानं असेल, नसेलही. मला विचाराल तर, एक दिवस आधी नेलं असतं तर झटका आलाच नसता.

सरकारी रिपोर्ट लोक गावात परतल्यापासून बाविसाव्या दिवशी आला. चंचलबाईंना काही नव्हतं. ज्या दोघांना कोरोना निघाला, त्यांचे हात महाराजांच्या कापडावर पिवळे उमटले होते. त्यांना आम्ही हार घालून आत घेतलं होतं.

चंचलबाईंची माफी मागायला मला दोन महिने लागले. त्या उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. मी जे बोलायचं ते बोलले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आत्याबाईले शाळा नाई. मले चौथीपर्यंत. तुले तं शिकवलं होतं ना हे?"

"हो."

"मंग कवा आठवाचं होतं?"

त्यांनी सूप पुन्हा उचललं. याचं उत्तर आज माझ्याकडे एवढं आहे, आणि ते तुम्हाला सांगण्यासाठीच हे लिहिलं. रिपोर्ट वेळेवर येत नसेल तर तो मागा. अर्ज करा, तहसीलच्या दारात बसा, हरवलेल्या नमुन्याचा जाब विचारा. तो राग खरा आहे, तो जिथे काढायचा तिथेच काढा. राग जिरवायला म्हणून भलत्याच्या पायावर डोकं ठेवू नका. कोणी डोळ्यांदेखत रंग बदलून दाखवला, तर हात जोडण्याआधी घरी या, चूल-पाटा-मोरीवर तेच करून पाहा. लागेल ते सगळं घरात असतं. आणि पाहायला उशीर करू नका. आपण घाबरून विचार पुढे ढकलतो, तेवढा वेळ कोणाचं तरी लेकरू बाहेर तापानं फणफणत असतं.