पॉइंटशेठ

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीतल्या त्या तपासनीसाला घरचे पॉइंटशेठ म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे. कंपनी त्याला कुठे कुठे विमानाने धाडायची. तिकीट कंपनीचं, पण प्रत्येक उड्डाणामागे विमानवाले देत ते फुकट तिकिटाचे पॉइंट याचे. नऊ वर्षं त्याने ते पोटच्या पोरासारखे जपले होते. सकाळी दात घासण्याआधी तो फोनवर शिल्लक बघायचा आणि मग दिवसभर खुशीत असायचा.

बायको फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या माना सरळ करता करता तिची स्वतःची मान आखडलेली. "एकदा समुद्रावर जाऊ या ना," ती म्हणायची.

"पॉइंट आत्ता वापरले तर मातीमोल होतील. अजून थोडे साठू देत, मग ऐटीत बिझनेस क्लासने जाऊ."

"तोवर मला व्हीलचेअरवरून चढवावं लागेल."

"व्हीलचेअरवाल्यांना आधी सोडतात," तो मनापासून म्हणाला. तिने उशी फेकून मारली.

डिसेंबरात मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. विमानकंपनीचं गोल्ड कार्ड टिकवायला वर्षअखेर दोन उड्डाणं कमी पडत होती आणि कंपनीने दौरे बंद केले होते. कार्ड गेलं की विमानतळावरचा फुकट खाण्यापिण्याचा लाउंज गेला, म्हणजे चारचौघांसारखं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणं आलं. शेवटी त्याने पदरचे पैसे घालून तिकीट काढलं. जायचं, तिथल्या विमानतळावर कॉफी प्यायची, पुढच्या विमानाने परत. घरी ठोकून दिलं, "तिकडे लिफ्ट अडकलीय. माणसं आत आहेत."

"बिचारी," बायको म्हणाली. तिला हसू का आलं, हे विचारायला त्याला सवड नव्हती.

लाउंजमध्ये त्याने बशी शिगोशीग भरली, पाय पसरले आणि सवयीने फोन उघडला. नऊ वर्षांचं पीक कुणीतरी कापून नेलं होतं. खाली चिमूटभर पॉइंट उरले होते. घास घशातच अडकला. पाण्यासाठी तो धडपडत उठला, आणि समोर सासरे.

सासरे निवृत्त चष्मेवाले. गुडघे दुखतात म्हणून लेकीचे दोन जिने चढायलाही कां कूं करणारे. आणि इथे दोन्ही हातांत बश्या घेऊन तुरुतुरु चाललेले, अंगात फुलाफुलांचा शर्ट! कोपऱ्यातल्या सोफ्यावर त्यांच्या गल्लीतल्या शिवणक्लासवाल्या बाई भलीमोठी हॅट घालून बसल्या होत्या.

"जावईबापू! तुम्ही इकडे कुठे?"

"मी... कामाला. आणि बाबा, तुम्ही?"

"आम्ही समुद्रावर. बिझनेस क्लास!" सासरे लाजले. "पोरीने सकाळीच तिकिटं धाडली. म्हणाली, यांचे पॉइंट नुसते पडून आहेत."

त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "माझे पॉइंट उडवलेस?"

"हो. आई गेल्यापासून बाबा चार वर्षं एकटे जेवतायत. आता कुठे तोंडावर हसू दिसतंय."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"विचारणार होते. पण तू घाईत होतास. सुटली का रे माणसं लिफ्टमधून? काल तुझ्या ऑफिसात फोन केला होता मी. तुझा साहेब म्हणाला, तू आज रजेवर असणार."

फोनमधला आवाज सोफ्यापर्यंत पोचला होता. शिवणक्लासवाल्या बाई काळजीने पुढे झाल्या. "अगंबाई, कोण अडकलंय लिफ्टमध्ये?"

"सुटले सगळे," तो पुटपुटला.

तिघांचं विमान एकच निघालं. ती दोघं पुढे ऐसपैस. हा शेवटच्या रांगेत, दोन घोरणाऱ्यांच्या मधोमध, स्वच्छतागृहाला खेटून. सुरुवातीला तो धुमसत होता. मग पडद्याच्या फटीतून त्याला सासरे दिसले. ते बाईंची खुर्ची आडवी करायला गेले आणि स्वतःचीच आडवी करून बसले. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यालाही हसू फुटलं, आणि स्वतःचाच राग आला.

उतरल्यावर तो परतीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात बायकोचा फोन.

"मी उद्या येतेय तिकडे. क्लिनिक बंद ठेवलंय. उरल्यासुरल्या पॉइंटांत एक साधं तिकीट बसलं."

"आणि मी?"

"तू ये की परत. कार्ड वाचेल तुझं."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला लागलं. रांग सरकत होती. मागचा माणूस म्हणाला, "साहेब, चढताय ना?"

"नाही हो," तो म्हणाला आणि बाहेरच्या दाराकडे पळत सुटला. सासऱ्यांची टॅक्सी निघतच होती.

"पुढे बसा, जावईबापू," सासरे म्हणाले. "मागे आम्हाला जागा लागते."

दुसऱ्या दिवशी बायको विमानतळाबाहेर आली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता, सासऱ्यांचाच एक पोपटी शर्ट घालून. बाह्या कोपरापर्यंतही पोचत नव्हत्या.

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कार्ड?"

"गेलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सगळ्यात जड बॅग त्याच्या हातात दिली.