कूलरमधल्या माझ्या बहिणी

मी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी बोलतेय. नाव अवघड, काम सोपं. थकलेल्या हृदयामुळे अंगात साठणारं पाणी मी लघवीवाटे काढते, पण रक्तातलं पोटॅशियम वाहून जाऊ देत नाही.

बीरगावच्या देवीदासकडे आम्ही थंडीत आलो. खिडकीतल्या डब्यात राहिलो. माझ्या बहिणींनी त्याच्या पायांची सूज उतरवली. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस पुन्हा चौकापर्यंत चालू लागला.

मग त्याची छाती दुखू लागली, बाईसारखी फुगू लागली. आमच्यामुळे काही पुरुषांना असं होतं, मी नाकारत नाही. डॉक्टर मॅडमना सांगायचं, झालं! पण याला लाज. रोज बायको, शेवंता, त्याच्या हातावर गोळी ठेवायची. तिची पाठ फिरली की हा नुसतं पाणी प्यायचा आणि माझी बहीण खिडकीबाहेर लावलेल्या, थंडीत बंद असलेल्या कूलरच्या जाळीतून आत.

मी सूड घ्यायचं ठरवलं. गोळीला सुडासाठी काही करावं लागत नाही. नुसतं पडून राहायचं.

पाय फुगले. आडवं झालं की धाप. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्यानं खापर फोडलं शेवंतावर, तेही दारात, शेजारणींसमोर. "हे बाई भाजीत मीठ टाकून मारून राहिली मले!"

ती तर त्याच्यासाठी स्वतःही अळणी जेवत होती.

ऊन तापलं. कूलर धुवायला शेवंतानं जाळी काढली. तळाशी ओंजळभर गोळ्या! गोळ्या पदरात बांधल्या, आमचा डबा घेतला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. मॅडमच्या टेबलावर पदराची गाठ सोडली.

"अंकल, ये क्या है?" मॅडमनी त्यांच्या हिंदीत विचारलं.

देवीदासनं शर्ट छातीशी घट्ट धरला. हल्ली तो घरातही शर्ट काढत नाही, हे शेवंतानं हेरलं होतं.

"शर्ट काढा," शेवंता म्हणाली. "नाही तर मी काढते."

मॅडमनी तपासलं. "इस दवा से होता है, अंकल. बदल देती हूँ. पर बताना था ना! ऐसे बंद करोगे तो जान जाएगी."

नवी गोळी सुरू झाली. सूज उतरली. एकदा जेवताना तो पुटपुटला, "शेवंते, चूक झाली माही."

"मले काहून सांगता? शेजारणींले सांगा."

तो उठला. दारात उभं राहून, मान खाली घालून, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं तेच बोलला.

मी आता बेकार. उद्या-परवा कचऱ्यात जाईन. जाताना एवढंच सांगते, आम्ही सोसत नसलो तर डॉक्टरांना सांगून बदला, चोरून फेकू नका.

देवीदासला मी माफ केलेलं नाही. शेवंतानं केलं का, हे तिला विचारायची हिंमत त्याला अजून झालेली नाही.