नितळ रक्ताचा बाबा

"सरका पुढे! आता रक्त बोलणार!" चेला ओरडला. सभागृहातल्या माना उंचावल्या.

मंचावर रक्तबाबांनी एका हमालाच्या बोटाला सुई टोचली. पहिल्या सुरईतल्या पाण्यानं भरलेल्या पेल्यात थेंब पडले आणि पेला गढूळला. "दोष! अंगभर दोष!" बाबांनी मंत्र पुटपुटला, नव्या पेल्यात दुसऱ्या सुरईतलं पाणी घेतलं आणि त्यात पुन्हा थेंब पाडले. आता पेला लाल, पण काचेसारखा नितळ! टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉक्टरबाई गर्दीतून वाट काढत धाकट्या बहिणीपाशी पोचल्या. तिच्या मांडीवर भाची ठकी तापानं फणफणली होती.

"औषध दिलंस?"

"बंद केलं, ताई. बाबांनी हिचं रक्त शुद्ध केलं, माझ्या डोळ्यांदेखत!"

डॉक्टरबाईंनी ठकीच्या कपाळावर हात ठेवला. "अगं, हिच्या घशातले जंतू मी रक्त घातलेल्या बशीत वाढवले. आज सकाळी जंतूंच्या प्रत्येक ठिपक्याभोवती नितळ कडं होतं."

"मग बरंच की! तिथलं रक्त शुद्ध झालं!"

"शुद्ध नव्हे गं, फुटलं! हे जंतू तांबड्या पेशी फोडतात. नुसता घसा धरून बसत नाहीत. औषध अर्धवट सोडलं तर पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात."

बहिणीचा चेहरा उतरला. डॉक्टरबाई तरातरा मंचावर चढल्या. पिशवीतली नवी सुई काढून स्वतःच्या बोटाला टोचली. दोन कोरे पेले भरले. आधी दुसऱ्या सुरईतून, मग पहिलीतून, आणि दोन्हींत रक्ताचे थेंब सोडले.

मंत्राविनाच आधी भरलेला पेला नितळ लाल झाला. नंतरचा गढूळ.

"बाबा, एवढ्यात दोष कुठून शिरला हो?"

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!" बाबा गरजले.

"परीक्षा पाण्याची घेतेय."

हमालानं पहिल्या सुरईतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले. "खारट आहे की हो!"

सभागृहात हशा पिकला. चेल्यानं मागचं दार गाठलं.

"साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात, म्हणून ते नितळ दिसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बेताचं मीठ असलं की त्या शाबूत राहतात, म्हणून गढूळ. तुम्ही पाहिलंत ते खरंच होतं. पण ते का झालं, हे कुणी विचारलंत का?"

ठकीचं औषध त्याच दुपारी पुन्हा सुरू झालं. ताप उतरला, तरी डॉक्टरबाईंच्या जिवाला घोर होताच. हृदयाची तपासणी निर्दोष आली, तेव्हा कुठे त्यांना धड झोप लागली.

चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण हात जोडण्याआधी दोन प्रश्न विचारा. आणि आजारी लेकराचं औषध कुणाच्याही शब्दावर अर्ध्यात सोडू नका.