तीन रात्रींची खाट

मित्रांनो, माझ्यावर आज लसूण वाळत घातला आहे, पण मी आहे एक जुनी अक्रोडाची खाट. या घरची लेक नेविया जन्मली त्या वर्षी टायबर नदीकाठच्या सुताराने मला घडवले. "हिच्या नातवंडांनाही पुरेल," असे तो म्हणाला होता.

नेवियाचे लग्न झाले आणि मला वर्षात तीनच रात्रींचे काम उरले. आमचा कायदाच तसा. बायको सलग वर्षभर नवऱ्याच्या घरी राहिली, तर ती कायमची त्याच्या ताब्यात जाते. माहेरच्या मळ्यावरचा हक्क जातो आणि माहेरचे देवही परके होतात. वर्ष भरण्याआधी सलग तीन रात्री बाहेर काढल्या, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षे ती वेळेवर आली. आल्या आल्या चुलीपाशी देवांना मीठ-पीठ वाही, मगच माझ्यावर अंग टाकी.

चौथ्या वर्षी ती येईना. तिचे बाबा दिवसातून दहादा दारात जात. माझ्या चामड्याच्या पट्ट्या त्यांनी दोनदा आवळल्या. अखेर वर्षाच्या तीनच संध्याकाळी उरल्या असताना ती धापा टाकत आली.

"आलीस बाई. मला वाटलं, तू येईपर्यंत नदीच आटते," बाबा म्हणाले.

"सासूबाई तापानं फणफणलेल्या, बाबा. टाकून कशी येऊ? आणि तीन रात्री आहेत की अजून."

दोन रात्री ती शांत झोपली. तिसऱ्या संध्याकाळी शेजारचे अफ्रानियसकाका आले. कायदा त्यांना तोंडपाठ. त्यांनी बोटांवर मोजले, मग पुन्हा मोजले.

"पोरी, दिवस मध्यरात्री पालटतो. आजची अर्धी रात्र पुढच्या वर्षात गेली. तुझ्या अडीचच भरतात."

"अर्ध्या रात्रीसाठी, काका? सासूबाई आजारी होत्या हो."

"कायद्याला सासू नसते गं. त्याला कुणाचा ताप कळायचा?"

रात्रभर ती माझ्यावर कूस बदलत राहिली. सकाळी मीठ-पिठाची वाटी घेऊन चुलीपाशी गेली आणि तिचा हात मध्येच थांबला.

"दे इकडे," बाबा हळूच म्हणाले. त्या दिवशी देवांना त्यांनीच वाहिले.

आता ती पाहुणी म्हणून येते आणि दिवस मावळायच्या आत परतते. मित्रांनो, नेम देवाचा असो की कायद्याचा, एक दिवस हातचा राखून ठेवत जा.

दरवर्षी तो मोजणीचा दिवस जवळ आला, की बाबा अजूनही माझ्यावरचा लसूण उचलतात आणि पट्ट्या आवळून ठेवतात. चार रात्री आधीच.