शेजारच्या सीटचा पट्टा

ज्या माणसाने मोडक्या छत्रीची मूठसुद्धा 'लागेल कधीतरी' म्हणून माळ्यावर जपून ठेवली होती, तो माणूस सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "गाडी भंगारात काढून टाकू." तपासनीसबाईंच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. दिवसाला चारशे शर्ट त्यांच्या हाताखालून जायचे. कुठे टाका सुटलाय, कुठे कापड ओढून शिवलंय, कुठे चुकलेली शिवण कॉलरखाली दडवलीय, हे त्यांना बोटांनीच कळायचं. बावीस वर्षं हेच काम केल्यावर माणूस घरातही सरळ नजरेने बघत नाही, हे अगदी खरं. नवरा त्यांना थट्टेने 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. तो स्वतः शाळेची बस चालवायचा, आणि सव्वीस वर्षांत बसला साधा ओरखडा आलेला नाही, हे येईल-जाईल त्याला ऐकवायचा. शेजारपाजारचे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

त्यांची घरची गाडी सतरा वर्षांची. गेल्या आठवड्यात संध्याकाळी आगारातून घरी येताना ती पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळली. पुढचा एक दिवा, बंपर, रेडिएटर आणि बॉनेट एवढ्याचा चेंदामेंदा झाला. "मोटारसायकलवाला आडवा आला. मी एकटाच होतो म्हणून बरं," असं ड्रायव्हरसाहेबांनी चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी तर कुणी विचारलंही नव्हतं.

"भंगारवाल्याशी बोललोय मी," तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "दोन-चार दिवसांत येऊन घेऊन जाईल."

"मला न विचारता?"

"अगं, जुनी गाडी. एकदा मार बसला की संपलं. आज हे दुरुस्त करा, उद्या ते. त्या पत्र्यात जीव अडकवण्यात काही अर्थ नाही."

"मेकॅनिकने बघितली का?"

"बघायचंय काय त्यात?"

कारखान्याची वेळ व्हायच्या आधी बाई वाट वाकडी करून, गाडी ओढून आणून ठेवली होती त्या गॅरेजवर गेल्या.

मेकॅनिक गाडीखालून सरकत बाहेर आला. "भंगारात? कोण म्हणतं?" तो जवळजवळ रागावलाच. "वहिनी, इंजिन ठणठणीत आहे. असला जाड पत्रा नव्या गाडीला शोधून सापडायचा नाही."

बाईंनी लगेच विश्वास ठेवला असता तर त्या तपासनीस कसल्या! दुरुस्तीवर ज्याचं पोट, तो गाडी फेका म्हणेल होय? त्यांनी त्याला एकेक गोष्ट दाखवायला लावली. तो म्हणाला, गाडीचा सांगाडा वाकला असता तर मीच हात जोडले असते. मग टेप काढून त्याने खालून सांगाडा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मापला, मग उरलेले दोन कोपरे तसेच मापले. दोन्ही वेळा टेप बाईंनी स्वतः वाचली. आकडा तोच. शर्टाचे दोन खांदे सारखे आहेत का, ते त्याही असंच बघायच्या, त्यामुळे हे त्यांना पटलं.

"रेडिएटर, दिवा, थोडं पत्र्याचं काम," मेकॅनिक म्हणाला. "आणि पुढचे दोन्ही पट्टे नवे टाका. झटका खाल्लेल्या पट्ट्याचा पुन्हा भरवसा नाही."

"दोन्ही?"

बाईंनी दार उघडून शेजारच्या सीटचा पट्टा ओढला आणि बोटांत धरला. वीण ताणली गेली होती. वरच्या कडीतून जिथे तो जोरात घासत गेला होता, तिथे धागे वितळून चकचकीत झाले होते. ड्रायव्हरच्या पट्ट्यावर अगदी तस्संच. मागच्या सीटचे पट्टे मात्र मऊ, जसेच्या तसे.

"रिकाम्या सीटचा पट्टा असा होतो का हो?"

"रिकाम्या सीटवर तो गुंडाळलेला असतो, वहिनी. कुणीतरी बसलेलं असणार ना," मेकॅनिक बोलून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. तो फडक्याला हात पुसायला लागला. हात आधीच पुसून झाले होते. "म्हणजे, आधी कधीतरीचं असेल. जुनी गाडी आहे."

"आणि ही चालवणाऱ्याची सीट एवढी पुढे कुणी घेतली? तुम्ही?"

"छे. मीच काल आत बसलो तर गुडघा ठेचला माझा."

ड्रायव्हरसाहेब उंचीला असे की स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यावं लागायचं. त्या सीटवर ते घडी घातल्याशिवाय मावले नसते.

त्या दिवशी कारखान्यात त्यांच्या हाताखालून एका बाहीचा शर्ट पुढे गेला. एका बाहीचा! शेजारच्या टेबलावरची हसून लोळायची बाकी राहिली. बाईंना हसू आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी नवऱ्याचे धुवायचे शर्ट एकेक करून नाकाला लावले. असं करणाऱ्या बायकांना त्या जन्मभर नावं ठेवत आल्या होत्या. शर्टांना घामाचा आणि डिझेलचा वास होता. त्याने संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

जेवताना त्यांनी सहज आवाजात खडा टाकला. "अहो, त्या दिवशी गाडीत शेजारच्या सीटवर माझी निळी पिशवी होती का?"

"नव्हती."

"नीट आठवा. जड होती."

"सीट रिकामी होती गं. सांगितलं ना, एकटा होतो मी." त्याने ताटातून मान वर केली नाही.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोललाच नव्हता असं नाही. पण इतकं वाईट खोटं बोलताना बाईंनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बनियन बदलत असताना त्या टॉवेल द्यायचं निमित्त करून आत गेल्या. गेला आठवडाभर तो दार लावून कपडे बदलत होता, ते का, हे आता दिसलं. छातीवर जांभळा-पिवळा वळ उठला होता. डाव्या खांद्यापासून निघून तिरका उजव्या कमरेपर्यंत.

"लागलं म्हणून सांगितलं नाहीत ते?"

"काही नाही गं, पट्ट्याचा दाब." त्याने घाईघाईने बनियन खाली ओढली.

तो कामावर गेल्यावर बाई पलंगावर बसल्या आणि स्वतःच्या अंगावर हाताने पट्टा ओढून बघितला. स्टिअरिंग उजवीकडे. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारच्याचा. म्हणजे शेजारी बसला होता तो हाच!

शेजारी कुणी बाई बसली होती, इथवर त्यांचा संशय आपल्या ठरलेल्या वाटेने चालला होता. पण बाई गाडी चालवतेय आणि साहेब शेजारी बसलेत, हा प्रकार काय म्हणायचा? ज्या माणसाने लग्नाच्या बायकोला 'तुझ्याने नाही व्हायचं' म्हणून कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, त्याने ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं? खरं सांगायचं तर बाईंना याचाच जास्त राग आला.

आणि सीट इतकी पुढे घ्यावी लागेल अशी बुटकी कोण? विचार करायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बसवर मुलांना चढवायला-उतरवायला एक मदतनीस होती. ठेंगणीठुसकी, बडबडी, मुलांनी तिचं नाव चिमणीमावशी पाडलं होतं आणि मोठेही तेच म्हणत. ती याच रस्त्यावर पुढे राहायची. या वर्षी तिने गाडी चालवायचा परवाना काढल्याचं ड्रायव्हरसाहेबांनीच कौतुकाने सांगितलं होतं. कौतुकाने!

बाईंनी अर्धा दिवस रजा टाकली. सकाळची फेरी संपवून चिमणीमावशी दुपारी जेवायला घरी यायची, त्या वेळेला त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेत घोकलं होतं, आणि त्यातलं अर्धं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

"वहिनी! या ना," म्हणत चिमणीमावशी फळीवरचा पेला काढायला गेली. उजवा हात वर केला मात्र, "आई गं" म्हणून तिने तो खाली घेतला.

"उजवा खांदा का?" बाईंनी विचारलं. "पट्टा लागला असेल."

चिमणीमावशी मटकन खाली बसली. "वहिनी, तुम्ही समजताय तसं काही नाही हो."

"मी काय समजतेय ते मलाच धड कळत नाहीये. तुम्ही सांगा."

"त्यांना संध्याकाळी दिसत नाही."

बाईंना वाटलं, ही विषय बदलतेय.

"उन्हाळ्यापासून चाललंय," चिमणीमावशी सांगू लागली. "दिवस मावळायला लागला की त्यांना रस्त्याची कड दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रातांधळेपणा आहे, वाढत जाणार, असं सांगितलंय. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली मला. मग आगारातून घरी जाताना गाडी मी चालवायची, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, पुढचं अंतर ते अंदाजाने नेणार. त्या दिवशी खरंच मोटारसायकल आडवी आली वहिनी, आणि माझा हात नवखा."

बाई ऐकत होत्या. मनावरचा एक धोंडा उतरत होता, आणि उतरता उतरता त्यांना दुसरंच काही सुचलं.

"आणि बस?"

"बस दिवसा असते ना. पावणेचारला निघते, पावणेसहाला परत. दिवस मोठा होता तोवर काहीच अडचण नव्हती." चिमणीमावशीने मान खाली घातली. "हल्ली शेवटच्या दोन थांब्यांना मी पुढे जाऊन उभी राहते. वळण आलं की सांगते."

"आत मुलं किती असतात?"

"शेवटी नऊ. आधी चाळीस."

दुसरी बाई निघाली असती तर बरं झालं असतं, असं तपासनीसबाईंना त्या क्षणी मनापासून वाटलं. त्या बाईशी निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. तो आधी चिडला, मग उडवाउडवी केली, मग एकदम रडायला लागला. गाडी भंगारात घालायची घाई का, तेही आता सांगितलं. ती दारात उभी राहिली की कुणीतरी म्हणणार, चला, संध्याकाळचं जरा फिरून येऊ. प्रत्येक वेळी काय सबब सांगायची?

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," तो म्हणाला. "बस चालवण्याखेरीज मला काय येतं? आणि दुपारी मला लख्ख दिसतं गं. हवं तर बघ." दिव्याखाली बसून त्याने पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा घडाघडा वाचून दाखवल्या. "वीस दिवसांनी शाळेला सुट्टी लागतेय. तेवढे जाऊ दे. मग मीच आगाराच्या साहेबांना जाऊन सांगतो. तोवर उजेड असतो की सगळ्या रस्त्यावर. वीस दिवस फक्त."

बाईंचा जीव तुटला. शेवटी आपलं माणूस. "वीस दिवस," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी कारखान्यात मेकॅनिकचा फोन आला. "वहिनी, भंगारवाला टेम्पो घेऊन आलाय. काय सांगू त्याला?"

"परत पाठवा. गाडी दुरुस्त करा."

"नक्की ना? साहेब तर..."

"गाडीत दोष नाही, तुम्हीच दाखवलंत ना? करा दुरुस्त. चालवायची कुणी ते बघू मागाहून."

पुढचे शर्ट काही केल्या हाताखालून सरकेनात. आपण कालच्या त्या कॅलेंडरवर विश्वास ठेवला, पण तारखा तर त्याला पाठही असतील, हा विचार डोक्यातून जाईना. तीन वाजता त्या उठल्या. काही बोलायचं नव्हतं, फक्त एकदा डोळ्यांनी बघून यायचं होतं.

आगाराच्या अंगणात ऊन रणरणत होतं. बसेस पत्र्याच्या लांब शेडमध्ये उभ्या असत, आणि बाहेरून आत गेलं की क्षणभर कुणालाही अंधारून यायचं. बाई आत शिरून थांबल्या. डोळे सावरले तसं सगळं स्पष्ट दिसू लागलं. आठ पावलांवर बस उभी होती, इंजिन सुरू होतं, आणि काचेमागे त्यांचा नवरा बसला होता. तो चांगला अर्धा तास आत होता, म्हणजे त्याचेही डोळे सावरलेले असायला हवे होते.

त्याने सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बाईंनी कसनुसं हसून हात वर केला.

तो हसला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून, परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने म्हणाला, "ओ ताई, जरा बाजूला व्हा. बस काढायचीय."

आधी बाईंना वाटलं, थट्टा करतोय. मग बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या चिमणीमावशीचा पांढराफटक पडलेला चेहरा त्यांना दिसला.

"ताई, मुलं वाट बघताहेत हो शाळेत," तो पुन्हा म्हणाला आणि हलकेच हॉर्न वाजवला.

तोंडातून एक शब्द गेला तर हा आवाजावरून ओळखेल, हसेल, म्हणेल, अगं तू होय, उजेडातून आलो ना आत्ताच. आणि आपण पुन्हा ऐकून घेऊ. म्हणून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाजूलाही झाल्या नाहीत.

मग बसच्या पुढ्यातून न हलता त्यांनी शेडच्या टोकाला असलेल्या साहेबांच्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "साहेब, जरा बाहेर येता का?"

आवाज ओळखून ड्रायव्हरसाहेबांनी इंजिन बंद केलं.