आक्काच्या कानावर चालणारे मशीन

२०१६ सालच्या उन्हाळ्यात उचगावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कृष्णातने मला घरच्या घरी जुळवले. मित्रांनो, मी एक जुने स्पार्क मशीन आहे. मोडीतला ट्रान्सफॉर्मर, चार मोठे बल्ब, दारावरच्या घंटेचे कॉइल आणि तांब्याची एक कांडी, एवढेच माझे शरीर.

लोखंडाच्या भोकात आटे पाडायच्या हत्याराला टॅप म्हणतात. तो कधी कधी आतच मोडतो. तुकडा इतका कडक, की ड्रिल त्यावरून घसरते, आणि महिनाभर राबून घडवलेला जॉब भंगारात जातो. माझी कांडी त्या तुकड्याजवळ थरथरायची. बारीक ठिणग्या उडून तुकडा कणाकणाने झिजायचा. बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याची धार वरून सतत पडत राहायची.

कृष्णातचे कान फाउंड्रीच्या खणखणाटात कधीच गेले होते. माझा आवाज ऐकायची त्याची थोरली बहीण, आक्का. ती शेजारी शेंगा फोडत बसायची. माझी टिकटिक जड झाली, की त्याच्या पाठीत थाप घालायची. तो चटकन कांडी उचलायचा.

"भैरं ते भैरं, आन् वर घायकुतं!" ती म्हणायची. तो ओठांवरून ओळखून हसायचा.

पार मुरगूडहून लोक पोत्यात जॉब गुंडाळून आणत. "पावणं, मशीन न्हवं, दवाखाना हाय ह्यो!" असे कुणी म्हणाले, की मला धन्य वाटे.

मग खंडेनवमी आली. आक्काने मला पुसले, हळद-कुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. नारळ फोडला आणि त्याचे पाणी तीर्थ म्हणून माझ्या शुद्ध पाण्याच्या टाकीत ओतले. "आज हत्याराला हात लावायचा न्हाय," असे बजावून ती अंबाबाईला गेली.

ती जाते न जाते तोच ज्ञानू आला. कृष्णातचा बालमित्र. त्याने स्वतःच्या डोक्याने एक पंप तयार केला होता. दसऱ्याला गिऱ्हाईक तो बघायला येणार होते. शेवटच्या भोकात टॅप मोडला होता. त्या पंपाचा लाकडी साचा जळून गेलेला, ओतणारी फाउंड्री बंद पडलेली. दुसरा नग होणारच नव्हता.

"आक्का न्हाय," कृष्णात म्हणाला.

"आरं, आक्का काय ठिणगी पाडती व्हय?" ज्ञानूने ओरडून, हातवारे करून विचारले. "चार वर्सं घातल्यात मी हेच्यात. लाव की लेका!"

मित्राचा चेहरा कृष्णातला बघवेना. त्याने माझी माळ उतरवली, मला हात जोडले आणि बटण दाबले.

मित्रांनो, शुद्ध पाणी वीज अडवते, नारळाच्या पाण्यातून ती सरळ वाहते. माझी ठिणगी तुटेना. टिकटिक थांबून करकर सुरू झाली. मी माझ्या परीने ओरडत होते. कृष्णात डोळे बारीक करून वाफेकडे बघत राहिला. ज्ञानूला तर आनंदच झाला. "लई जोरात चाललंय! हुतंय बघ आता!"

आक्काने फाटकातूनच ऐकले. "बंद कर! आरं बंद कर की!" तिच्याकडे कृष्णातची पाठ होती. चपला टाकून ती धावत आली आणि तिने वायर उपसली. तोवर कांडी तुकडा सोडून पंपाच्या पातळ भिंतीतून आरपार गेली होती.

ज्ञानूने त्या भोकात बोट घालून पाहिले. पंप पोत्यात गुंडाळून, लेकरू उचलावे तसा उचलून घेऊन गेला.

ज्ञानूने पुन्हा काही घडवले नाही. तो आता राजारामपुरीत एका क्लासच्या दारात वॉचमन आहे. कृष्णात त्याच्याकडे तीनदा गेला. तिन्ही वेळा ज्ञानूने चहा पाजला, बोलला मात्र नाही. कृष्णातने मला पुन्हा कधी सुरू केले नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला. आक्का शेडमध्येच राहते. आपण ओतलेल्या नारळाच्या पाण्यानेच घात केला, हे तिला कळले होते. खंडेनवमीला ती मला फक्त पुसते. नारळ आणत नाही. आता तिलाही नीट ऐकू येत नाही.

माझे कॉइल उंदरांनी कुरतडले आहे. माझ्याकडून आता काही होणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादे मशीन नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजात चालू लागले, तर कुणी सांगायची वाट बघू नका. धावत जा आणि बंद करा. आक्का फाटकापासून धावली होती. फाटक फार लांब नव्हते, तरी उशीर झाला.