नत्थुजीच्या काळ्या गोळ्या

माझ्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा घरातल्यांना आधी माझ्या गळ्यातली माळ दिसली. पाय त्यांना मागाहून दिसला.

मी केशरबाई, वलगावची. पोराचा बाप लवकर गेला. वांग्या-मेथीची वाडी मी राखली, अमरावतीच्या बाजारात अडत्यांशी भांडून भाजी विकली, अन् साठी आली तरी या घरात माझ्या शब्दावाचून चूल पेटत नव्हती. शाळेत दुसरीपर्यंत गेले. लिहिण्यात चुका असतील. ज्याला त्या काढायच्या त्यानं आपल्या घरी बसून काढाव्या.

विहिरीच्या थारोळ्याच्या दगडाला ठेच लागली, एवढंच झालं होतं. हळद भरली, एरंडाचं पान बांधलं. जखम भरेना. रात्रंदिवस तहान, अन् मोरीत मी बसून उठले की तिथं मुंग्यांची रांग. शेवटी माझा पोरगा भगवंत मला बैलांच्या दमणीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डाक्टरनं लघवी एका काचेच्या नळीत निळ्या पाण्यात टाकली, दिव्यावर उकळली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, अन् पाहता पाहता विटेसारखं लाल.

"आजी, तुमच्या लघवीत साखर उतरते," डाक्टर म्हणाला.

"मी साखर खातच नाई," मी म्हटलं. "आमच्या चहात गूळ असते."

त्यानं कपाळाला हात लावला. "उपास करता?"

"एकादशी, सोमवार, गुरुवार."

"त्या दिवशी काय खाता?"

"काईच नाई. उसळ साबुदान्याची, शिंगाड्याचा शिरा, केळं, खजूर. उपासच असते ना."

डाक्टरनं कागदावरून पेन उचलला. मग एकेक सांगितलं. गूळ बंद, साखर बंद, साबुदाणा बंद, भात बंद, भाकर अर्धी. पालेभाजी खा. अन् मटण खा, अंडी खा, मासे खा, त्यावर पोट भरा. "नाहीतर हा पाय तुमच्याजवळ राहणार नाही. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

"डाक्टर, आमी माळकरी हाओ."

"मी पायाचं सांगितलं," तो म्हणाला. "माळेचं तुम्ही ठरवा." निळ्या पाण्याची एक बाटली अन् ती काचेची नळी त्यानं मला दिली. रोज सकाळी घरी पाहायचं. निळं राहिलं तर बरं, लाल झालं तर वाईट.

परतताना दमणीत भगवंत बोलला, "माय, डाक्टर काय, काई बी सांगते. आपल्या घरी मटन नाई शिजनार. नत्थुजी देतीन औषध."

नत्थुजी म्हणजे आमच्या गावच्या मठाचा बुवा. माझ्या गळ्यातली माळ त्याच्या बापानं घातली होती, अन् भगवंत त्याच्या भजनात मृदंग वाजवायचा. नत्थुजी घरी आला, ओसरीवर बसून डाक्टरचं सारं ऐकलं, मान हलवली, पाय पाहिला, नाक मुरडलं. "मांस कायले पाहिजे? आपल्याजवळ पाल्याच्या गोळ्या हायेत. सकाळ-संध्याकाळ मूठभर घ्या. पन चावाच्या नाई, नुसत्या गिळाच्या. चावल्या की गुन जाते." मटाराएवढ्या काळ्या गोळ्या, वरून कडू जहर. मी पुडी पदराच्या गाठीला बांधली; संपली की मठातून दुसरी यायची. डाक्टरचं मटण ठेवलं बाजूला, अन् त्याचं बाकी सारं पाळलं. बिनगुळाचा चहा प्याले, उपास सोडले, अर्ध्या भाकरीवर दिवस काढला.

सकाळी नळी उकळली, पाणी लाल. दुसऱ्या दिवशी लाल. पंधरवडा झाला तरी लालच.

मग माझं डोकं फिरलं. सून सत्यभामा अंबाडीच्या भाजीत गुळाचा खडा टाकायची, साऱ्या वऱ्हाडात टाकतात. मी तिच्यावर तुटून पडले. "मारून टाकतं का मले? गूळ टाकून राहिली चोरून!"

"आत्याबाई, गुळाचं मडकं तुमच्याच खाटेखाली हाय," ती म्हणाली. "त्यातला खडा कमी झाला असंन तर मोजा."

तिला मी चुलीपाशी माझ्यासमोर बसवून स्वयंपाक करायला लावला. तिनं केला. एक शब्द बोलली नाही, भांडी मात्र अशी आपटली की चार घरांना ऐकू गेलं. तरी पाणी लाल. अन् एके दिवशी बोटाला वास यायला लागला.

अमरावतीला नेऊन डाक्टरनं बोट कापलं. पट्टी बांधताना म्हणाला, "आता पुढे पाऊल आहे, आजी. मटण खाल्लं?"

"नाई."

"मग कशावर पोट भरता?"

मी भगवंताकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. घरी येईपर्यंत त्यानं माझ्याकडं तोंड केलं नाही.

माझ्या वाडीत निंदणाला इंदूबाई यायची. तेव्हा मी तिला इंदे म्हणायची. तिच्या साऱ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतल्याला चार-पाच वर्षं झाली होती. तिच्या दारात कोंबड्या असायच्या. मी काठी टेकत वाडीत गेले, बाकीच्या बाया दूर असताना तिला गाठलं.

"इंदे, मले कोंबडी रांधून देतं का? मागच्या कुंपनातून डबा दे. कोनाले समजू देऊ नको."

तिनं विळा खाली ठेवला. "नाई देत."

"कावून? फुकट मागून राहिलो का मी?"

"फुकटाचं नाई, केशरबाई. आमच्या घरचं पानी चालत नाई तुमाले, अन् कोंबडी चोरून चालते? कुंपनातून डबा मी नेत नाई. खाचं असंन त माह्या घरी या. दिवसा. माह्या ताटात वाढीन, माह्या दारात बसून खा."

"तू मले शर्त घालतं?"

"हो," ती म्हणाली अन् विळा उचलून निंदायला लागली.

माझ्या जन्मात मला कुणी शर्त घातली नव्हती. नवऱ्यानं नाही, अडत्यानं नाही. मी तणतणत घरी आले. पण घरी आल्यावर मला कोण विचारणार होतं? भगवंत मठात, सत्यभामा गप्प. मी खाटेवर बसले, पट्टी सोडली, अन् जिथं बोट होतं तिथं पाहिलं. आता मधलं बोटही निळसर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावातून चालत मी तिच्या वस्तीत गेले. पारावरची माणसं बिडी विझवून पाहत राहिली. पाहा म्हटलं. इंदूबाईच्या घरात बुद्धाचा फोटो होता, ओटा सारवलेला होता, माझ्या ओट्यापेक्षा बरा. तिनं पितळेचं ताट ठेवलं, वर रस्सा अन् कोंबडी. भाकर नाही ठेवली. येते म्हणून सकाळी निरोप धाडला, तेव्हाच मी सांगितलं होतं. माळ मी पदराखाली सारली.

पहिला घास मी न चावताच गिळला.

"औषिध समजून गिळू नका, चावा नीट," ती म्हणाली. "चांगली अंड्यावरची कोंबडी होती माही."

मी चावलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तिखटानं की कशानं ते मी तिला सांगितलं नाही. ताट चाटून साफ केलं. त्या दिवसापासून तिला इंदे म्हणणं माझ्या तोंडातून गेलं. जिच्या ताटात जेवले तिला इंदे कसं म्हणणार?

रोज जायला लागले. कधी अंडी, कधी बाजाराच्या दिवशी मटण. घरात भगवंतानं माझ्याशी बोलणं सोडलं. मठात मात्र पुष्कळ बोलला असेल, कारण नत्थुजीनं निरोप धाडला, की येत्या गुरुवारी सगळ्यांसमोर माळ परत घेणार.

अन् पाणी? अजून लाल! भाकर सोडली, गूळ सोडला, जात-गोताची तोंडं झेलली, तरी लाल. नत्थुजी गावभर सांगत फिरला, "पाहा, मांस खाल्लं म्हनूनच रक्त उतरून राहिलं निळ्या पान्यात." मी रडले नाही. मी शिव्या दिल्या, ज्या मला येतात त्या सगळ्या.

बुधवारी इंदूबाईच्या ओट्यावर जेवायला बसले, पदराची गाठ सोडून गोळ्यांची पुडी बाजूला ठेवली. जेवण होत आलं तशी इंदूबाई म्हणाली, "बाई, पुडीले मुंग्या लागल्या तुमच्या."

"पाल्याचं औषिध हाय ते."

"पाल्याले मुंग्या कावून लागतीन?"

मी पुडीकडं पाहिलं. माझ्या मोरीत लागायची तशीच रांग. मी एक गोळी उचलली, मुंगी झटकली, अन् नत्थुजीनं जे करू नको सांगितलं होतं ते केलं. दातानं फोडली. वरचा कडू लेप निघाला अन् आत निव्वळ गूळ. जुना, काळा, चिकट गूळ.

सकाळी मूठभर. संध्याकाळी मूठभर. माझं बोट गेलं तेव्हासुद्धा मी दवाखान्याच्या खाटेवर बसून मूठभर गिळल्या होत्या.

गुरुवारी माझ्या ओसरीवर माणसं जमली. नत्थुजी मधोमध पाटावर बसला, बाजूला भगवंत मान खाली घालून. नत्थुजीनं घसा साफ केला. "केशरबाई, ज्या गळ्यानं देवाचं नाव घेतलं..."

"थांब," मी म्हटलं. "सत्यभामा, स्टोव्ह आन."

सत्यभामानं स्टोव्ह आणला. मी नळीत निळं पाणी घेतलं, विहिरीचं साधं पाणी टाकलं, उकळलं. निळं ते निळंच. सगळ्यांना फिरवून दाखवलं. मग नळी धुतली, पुन्हा निळं पाणी घेतलं, अन् पुडीतल्या गोळ्या बत्त्यानं ठेचून त्यात टाकल्या.

"हे काय करून राहिल्या?" नत्थुजी उठायला लागला.

"बस. तुह्या पाल्याचा गुन पायतो."

पाणी हिरवं झालं. पिवळं झालं. अन् विटेसारखं लाल झालं. सत्यभामा पुढं वाकून पाहत होती. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला, "आत्याबाई, आता त समजलं ना कोनाचा गूळ होता?"

गुळाचं मडकं खाटेखालून काढून दुसऱ्या दिवशी तिच्या ताब्यात दिलं, कोठीच्या किल्लीसकट. तिला समजायचं ते समजलं.

नत्थुजी म्हणाला, "गुळाबिगर गोळी वळत नाई, बाई. अन् औषिधातला गूळ आंगाले लागत नाई. देवाचं नाव घेऊन टाकतो आमी."

"मंग माह्या बोटाले तुह्या देवाचं नाव ऐकू नाई आलं का?" मी ओरडले. "तुले म्या याच ओसरीवर सांगतलं होतं, डाक्टरनं गूळ बंद केला म्हनून. तू मान हालवली, अन् गुळाच्याच गोळ्या दिल्या! वरून सांगतलं, चावू नको. कावून सांगतलं चावू नको?"

नत्थुजी भगवंताकडं पाहायला लागला. अन् माझ्या पोटच्या पोरानं काय म्हणावं?

"माय, गोळ्याचं राहू दे. मटनाचं बी एक वेळ झाकलं असतं. पन तू कोनाच्या घरी जाऊन खाल्लं?"

आता खरं बाहेर आलं. इतके दिवस माळ, देव, मठ. पोटात हे होतं. माझा पाय त्याच्या मनात कुठंच नव्हता.

"इंदूबाईच्या घरी," मी म्हटलं. "तिच्या ताटात. तिनं मले मुंग्या दाखवल्या. तू दवाखान्यात खिडकीभायेर पाहत होता."

माळ मी स्वतःच्या हातानं काढली. नत्थुजीनं हात पुढं केला. त्या हाताकडं मी पाहिलंसुद्धा नाही. लंगडत अंगणात गेले, तुळशीला माळ घातली, अन् म्हटलं, "हे देवाची होती, देवापाशी राहीन. आता उठा सगळे. माह्या घरी स्वयंपाकाची वेळ झाली."

चूल मी अंगणातच मांडली, रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे ज्याला वास घ्यायचा त्याला लपून घ्यावा लागू नये. कोंबडी रांधता येत नव्हती. इंदूबाईला सांगितलं, तू ये अन् रांध. ती म्हणाली, "मी कावून रांधू? तुमी शिका. मी सांगतो बसून." ती ओसरीवर बसली अन् मला हुकूम सोडत राहिली, कांदा अजून परता, पाणी एवढं नको. साठीच्या वयात मी शिकले.

गोळ्या बंद झाल्या तसं पाणी आधी पिवळं, मग हिरवं, अन् मग एका सकाळी निळं राहिलं. नळी सत्यभामानं उन्हात धरली होती. मधलं बोट वाचलं. पाऊल वाचलं.

त्या दुपारी इंदूबाईला आमच्या ओसरीवर आमच्या ताटात वाढलं. भगवंत मृदंग काखेत मारून मठाकडं निघाला. जाऊ दिला. थोड्या वेळानं मठातून त्याचा मृदंग ऐकू यायला लागला.

"पानी निळं राहिलं, पाय राहिला," इंदूबाई जेवता जेवता म्हणाली. "मंग तोंड कावून असं करून बसल्या?"

मी माझा पाय पुढं केला. "हे बोट कोन देईन मले वापस?" मठात ऐकू जावं अशा आवाजात मी विचारलं. मृदंग थांबला. सत्यभामानं इंदूबाईच्या ताटात अजून रस्सा वाढला, अन् मग न विचारता माझ्याही.